गावचे दप्तर व घरोघरच्या आठवणी

देवळाच्या जीर्णोद्धारास देणगी देणारा मनुष्य पावती फाडताना बहुधा एक ओळ आवर्जून सांगतो, "कै. वडिलांच्या स्मरणार्थ असे लिहा." कोणी आजोबांचे नाव घालतो, कोणी आईचे. आजोबांच्या वडिलांचे नाव काय, असे विचारले की मात्र लेखणी थांबते. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा व पणजा अशी तीन नावे लागतात, तेवढी ज्या घरात पाठ आहेत ते घर भाग्याचे. बाकीच्यांस "आम्ही मूळचे इथलेच" याच्या पलीकडे सांगता येत नाही. जे गावातच राहिले त्यांना कधी सांगावे लागले नाही, कारण घर, विहीर व बांध हेच त्यांचे सांगणे. अडचण होते ती मुंबई-पुण्यास गेलेल्यांच्या तिसऱ्या पिढीची. पालखीच्या दिवशी ही मंडळी गाडीतून उतरतात, देवाला नारळ देतात आणि आपले घर कोणत्या आळीत होते हे दुसऱ्याला विचारतात.

अशांसाठी व गावात राहूनही ज्यांना आपल्या घराण्याचा शोध घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. गावच्या दप्तरात पुष्कळ माहिती पडून असते. ती कोठे असते व कशी वाचावी हे माहीत नसल्यामुळे ती नसल्यासारखी होते.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी. भोगवटादाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. ज्यांची नावे कमी झाली ती कंसात टाकलेली असतात, त्यांच्याजवळही असाच आकडा असतो. त्या आकड्याचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाची नोंद काढली की अमका मयत झाला, त्याचे वारस अमुक अमुक, त्यांची वये इतकी, असे सापडते. त्यातल्या मयताचे नाव धरून मागच्या सातबाऱ्यावर जावे, तेथून त्याच्या आधीच्या फेरफारावर. विहिरीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे तसे हे काम आहे, मधली पायरी गाळता येत नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा सन १९०३ साली झाला व सन १९१३ मध्ये ती नोंदणी जमीन महसूल कायद्यात घेण्यात आली. त्यामुळे जेथे दप्तर शाबूत आहे तेथे या वाटेने शंभर वर्षांच्या आसपास, म्हणजे चार-पाच पिढ्या मागे जाता येते.

या वाटेत एक खड्डा आहे. एकत्रीकरण योजना लागू झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन सन १९४० चा उतारा मागितला तर तो मिळणार नाही. त्यासाठी एकत्रीकरणाचे ९(३) व ९(४) हे उतारे पाहून जुना नंबर कोणता ते आधी ठरवावे लागते. पुष्कळ जण येथेच कंटाळून परत फिरतात व "आमचे कागद जळाले" असे घरी सांगतात. कागद जळालेले नसतात, नंबर बदललेला असतो.

जुनी नोंद हाती आल्यावर ती वाचता यावयास हवी. "राघू बिन म्हादू" यातील 'बिन' म्हणजे मुलगा. स्त्रीच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप वारला, म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव लागले, असा त्याचा अर्थ. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या तीन अक्षरांनी भल्याभल्यांना फसविले आहे. थोरल्या भावाचे नाव मॅनेजर म्हणून लागले की धाकटे भाऊ कागदावर दिसत नाहीत. त्यांच्या नातवांना मग वाटते, आपल्या आजोबांना जमीनच नव्हती. नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही, हे दप्तर पाहणाऱ्याने पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवावे.

आणेवारीचा आकडा तर फारच बोलका असतो. पूर्वी वाटणीचे हिस्से रुपया, आणे व पै यांत लिहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. नावापुढे आठ आणे असतील तर दोघे भाऊ, चार आणे असतील तर चौघे. आणि पाच आणे चार पै असतील तर तिघे, कारण सोळा आण्यांचा तिसरा हिस्सा तेवढाच येतो. आता समजा, एखाद्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की "आमचे मूळ पुरुष दोघे भाऊ, वरची आळी थोरल्याची व खालची धाकट्याची." दोन्ही आळ्यांचे उतारे काढले आणि जुन्या नोंदीत दोघांच्याही नावापुढे पाच आणे चार पै निघाले, तर उरलेले पाच आणे चार पै कोणाचे? तिसरा भाऊ होता. तो निर्वंश वारला, दत्तक गेला, की दुष्काळात बाहेर पडला हे त्या आकड्यावरून कळत नाही. पण तो होता एवढे नक्की झाले, आणि घरातील सर्वांत वृद्ध बाईला जाऊन विचारावयाचा प्रश्नही नक्की झाला. कागद व आठवण यांचे काम असे एकमेकांच्या हाताला हात देऊन चालते. एकट्या कागदावर विसंबणारा व एकट्या आठवणीवर विसंबणारा दोघेही अर्ध्या वाटेवर राहतात.

कुळकायद्याचे कागदही पाहण्यासारखे असतात. दिनांक १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली व पुढे कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरविण्याच्या चौकशा झाल्या. त्या चौकशीत कुळाने दिलेला जबाब मिळाला तर पाहावा. "माझा बाप कसत होता, त्याआधी आजा कसत होता" अशी वाक्ये त्यात येतात. ज्यांच्या घरात लेखणी कधी शिरली नव्हती अशा माणसांचे बोलणे सरकारी कागदावर उतरलेले तेथे सापडते.

स्त्रियांचा शोध सर्वांत कठीण. वंशावळीच्या बहुतेक कागदांत बाप-लेकांची साखळी असते, आई व लेक यांना त्यात जागा नसते. विधवेचे नाव वारस म्हणून लागते. लेकींची नावे लागली तर इतर हक्कात, नाहीतर तीही नाहीत. हिंदू वारसा कायदा सन १९५६ मध्ये आला, सन १९९४ मध्ये महाराष्ट्राने व सन २००५ मध्ये केंद्राने मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीने केला, त्यानंतरच्या नोंदींत बहिणींची नावे नियमाने दिसू लागली. त्याआधीच्या बहिणी शोधावयाच्या तर हक्कसोडपत्रे पाहावीत. त्यात बहिणीचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव व सासरचे गाव असे सर्व लिहिलेले असते. ज्या दिवशी तिने आपला वाटा सोडला त्याच दिवशी तिचे नाव माहेरच्या दप्तरात आले, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी काय करावे, हा प्रश्न योग्य आहे व तो गावातील निम्म्या घरांचा आहे. सातबारा त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांनी जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ पाहावा. यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्मलेल्या मुलाच्या बापाचे नाव, जात, व मृत्यूच्या नोंदीत मृत्यूचे कारण असते. दुसरा आधार शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा. तेथे मुलाचे पूर्ण नाव, जन्मगाव व आधीची शाळा सापडते. जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. निम्मा गाव १ जून रोजी जन्मलेला दिसेल! ती गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या बेताने घातलेली तारीख, आईच्या कळांशी तिचा संबंध नाही. महार वतनाच्या व इतर कनिष्ठ वतनांच्या जमिनी होत्या, त्यांचे हक्कदार वतनाच्या रजिस्टरात नावानिशी आहेत. ही वतने रद्द करणारा कायदा सन १९५८ चा. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची धरीत, त्यामुळे शिवेचे जुने निवाडे जेथे सापडतात तेथे या घराण्यांतील पूर्वजांची नावेही निघतात. सन २०२३ मध्ये मराठवाड्यात व पुढे सर्व राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कोतवाल बुकावरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. दप्तर किती मोलाचे असते हे त्या वेळी ज्यांना कधी पटले नव्हते त्यांनाही पटले.

मोडीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व त्यामागील बहुतेक गावदप्तर मोडीत आहे. कुलकर्णी वतन १ मे १९५१ पासून संपले व काम तलाठ्याकडे आले. सरकारी दप्तर तलाठ्याच्या ताब्यात गेले, परंतु घरगुती म्हणून ठेवलेले कितीतरी कागद कुलकर्ण्यांच्याच माळ्यावर राहिले. पाटील, देशमुख, जोशी, गुरव यांच्या घरीही सनदा, महजर, करारनामे असतात. महजरावर सह्यांच्या जागी खुणा असतात. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, कोठे कट्यार. त्या काळी ज्याला लिहिता येत नव्हते त्याचेही नाव व त्याच्या धंद्याची खूण कागदावर राहिली आहे.

अशा कागदावरील साल पाहून गोंधळू नये. शके असेल तर त्यात ७८ किंवा ७९ मिळवावे. पेशवाईतील कागदांत सुहूर सन असतो व तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो. "इसन्ने अशर मयातैन व अलफ" म्हणजे दोन, दहा, दोनशे व हजार, एकूण १२१२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन १८११-१२ येतो. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या आरंभी सुरू होई. पेरणीबरोबर वर्ष पालटावयाचे, शेतकऱ्याच्या राज्याला ते शोभतच होते. देवस्थानच्या इनामाची सनद पाहणाऱ्यास हा हिशेब यावयासच हवा. पुढे इंग्रजी अमलात सन १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली. ज्यांची इनामे तपासली गेली त्यांनी आपल्या हक्काच्या पुष्ट्यर्थ कैफियती व वंशावळी दाखल केल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात इनामांचे कागद आहेत. गावपातळीवर दुमाला जमिनींची नोंद गाव नमुना तीनमध्ये मिळते.

घरातील एका बाडाचे मोल किती असू शकते याचे उदाहरण भोर तालुक्यातील कारी गावचे आहे. तेथील जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली होती. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडी त्यात थोडक्यात तिथीवार टिपलेल्या. घराण्याने ती सांभाळली, लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि त्यांनी सन १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या वेळपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे सन १६२७ चा मानीत असत. शकावलीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. विद्वानांत वाद झाले, शिवभारताचा व जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीचा दुजोरा मिळाला, आणि सन २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत केली. डोंगरातल्या एका गावातील एका घराने रद्दीत न घातलेल्या कागदांमुळे हे घडले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी याच खटपटीत हयात घालविली. वाईस मिळालेल्या कागदांवरून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड सन १८९८ मध्ये काढला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील नोकरी सांभाळून पटवर्धनांचे दप्तर लावले. प्रत्येक घरात शकावली निघेल असे नव्हे. परंतु जुना वाडा उतरविताना माळ्यावरील बोचकी आधी उघडून पाहावीत, एवढे तरी सर्वांना करता येईल.

घरच्या मंडळींखेरीज आपली वंशावळ बाळगणारे आणखी दोघे आहेत. एक तीर्थोपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथे आपला पूर्वज गेला असेल तर उपाध्यायाच्या वहीत त्याने गाव, आडनाव, भाऊ, मुलगे लिहून दिलेले असतात, पुष्कळदा स्वतःच्या हाताने. गाव व आडनाव सांगितले की उपाध्याय नेमकी वही काढतो. अस्थी घेऊन गेलेल्याला त्या वेळी फार विचारण्याचे भान नसते, ते स्वाभाविक आहे. म्हणून बरोबर गेलेल्या नातेवाइकाने तेवढे पान उतरून घ्यावे. दुसरे हेळवी. सांगली, कोल्हापूर व कर्नाटकाकडील मुलखात हे बैलावर बसून सुगीच्या सुमारास येत, दारात उभे राहून घराण्यातील पुरुषांची नावे एका सुरात सांगत आणि नवीन जन्मलेल्यांची नावे वहीत चढवीत. धान्य, कपडा, क्वचित भांडे ही त्यांची बिदागी. त्यांची दप्तरे कोठे कानडीत, कोठे मोडीत. जुन्या काळचे ताम्रपट आपल्या घराण्यात असल्याचेही ते सांगतात. अलीकडे त्यांचे फिरणे कमी झाले आहे आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली आहेत. मूळ पुरुष कोठून आला हे मात्र त्यांच्याकडून ऐकताना थोडे सावध असावे. ऐकणाऱ्याला बरे वाटेल असे सांगण्याचा मोह बिदागी घेणाऱ्यास असतोच. चार पिढ्यांपलीकडे एकदम राजघराणे लागले तर मधली नावे विचारावीत.

आठवणींचे दप्तर कोणत्याही कपाटात नसते, म्हणून ते सर्वांत आधी नाहीसे होते. म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असे विचारू नये. साल त्याला माहीत नसते, संकट माहीत असते. "मोठ्या दुष्काळात", "गाठीच्या तापात गाव माळावर राहायला गेले तेव्हा", "मानमोडीच्या साली", "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो तेव्हा" असे तो सांगतो. दुष्काळ सन १८७६-७८ चा, नंतर १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा. प्लेग सन १८९६ पासून पुढे कित्येक वर्षे. मानमोडी म्हणजे सन १९१८ चा इन्फ्लुएंझा. या खुंट्यांना आठवणी टांगल्या की साल आपोआप येते. पितृपक्षातील तिथीही अशीच उपयोगी. वर्षश्राद्धाच्या तिथी तपासताना एखाद्या घरात आश्विनातल्या दोन-तीन तिथी लागोपाठ निघाल्या तर मानमोडीची शंका घ्यावी, कारण ती साथ त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास सर्वांत जोरात होती. मग कोतवाल बुकात त्या महिन्याचे पान उघडावे. जात्यावरच्या ओव्यांत बाईने माहेरचे गाव, भाऊ, भाचे गुंफलेले असतात. वंशावळीत जिला जागा मिळाली नाही तिने ती आपल्या गाण्यात करून घेतली. अशा ओव्या येणाऱ्या आज्या आता थोड्या राहिल्या, त्यांच्यापाशी नातवाने मोबाईल घेऊन तासभर बसावे.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने एक घोळ होतो. राघूचा म्हादू, म्हादूचा राघू, त्याचा पुन्हा म्हादू. आठवणीत दोन म्हादूंचा एक होतो आणि मग मनुष्य सव्वाशे वर्षे जगलेला दिसतो. बायकोचे नाव, किंवा कोणत्या संकटात होता ते विचारले की दोघे वेगळे होतात. आडनावेही स्थिर नसत. कागदात कोठे मूळ आडनाव, कोठे नुसते पाटील, तर गाव सोडून गेलेल्याला नव्या गावाने जुन्या गावाचे नाव लावून 'कर' केलेले.

मुंबईकर मंडळींच्या बाबतीत दुसरीच वाट घ्यावी लागते. गिरणगावात एकेका गावाची म्हणून खोली असे, पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस गडी एका खोलीत. त्या खोलीच्या जमाखर्चाच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत असतील तर त्या गावच्या दप्तराइतक्याच मोलाच्या आहेत. पलटणीत गेलेल्यांचेही तसेच. मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथील वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या, तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ठेवल्या आहेत व त्या इंटरनेटवर पाहता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव व जिल्हा असतो. "आजा लढाईला गेला तो आलाच नाही" एवढेच ज्या घरात ठाऊक आहे त्यांनी तेथे अवश्य पाहावे.

एक भीती मात्र सर्व गावांत आढळते. कागद दाखवला तर भाऊबंद वाटा मागेल, या समजुतीने सनदा गादीखाली दाबून ठेवतात आणि वाळवीला वाटा देतात. पालखीच्या खांद्याचा, होळीच्या नारळाचा, पोळ्याला बैल पुढे काढण्याचा मान यांवरून भांडणे झालेली आहेत, कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण कागद लपविल्याने वाद मिटल्याचे उदाहरण विरळा. ज्यांना मूळ कागद हातचा सोडावयाचा नाही त्यांनी फोटो काढून द्यावा. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज व फी भरून नकला मिळतात. कित्येक जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार आता स्कॅन होऊन घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे पूर्वीसारखे हेलपाटे राहिलेले नाहीत.

शेवटी देवळाकडेच यावे लागते, कारण गावातील सर्वांत जुने दप्तर तेथे दगडात असते. पायरीवर कोरलेले नाव, घंटेवरचे साल, दीपमाळेच्या तळाशी झिजलेली ओळ, समाधीच्या पादुका, आणि वेशीजवळ किंवा पारावर शेंदूर फासून ठेवलेले वीरगळ. जीर्णोद्धारात दगड हलतात. नवी फरशी बसविताना जुन्या पायऱ्या भरावात जातात, लेखावर ऑईल पेंटचे दोन हात बसतात व पुढच्या पिढीला तेथे अक्षर होते हेही कळत नाही. कंत्राटदाराला त्याची कल्पना नसते, त्याला ग्रामस्थांनीच सांगावे लागते. अक्षर पुसट असेल तर दगड पाण्याने स्वच्छ धुऊन, सुकल्यावर त्यावर कोरडे पीठ हलक्या हाताने फिरवावे. खाचांत पीठ बसून अक्षरे उठून दिसतात. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा मावळतीला फोटो घ्यावा. तारेच्या ब्रशने किंवा छिन्नीने अक्षर उजळू नये. काढलेले लेखाचे दगड व वीरगळ देवळाच्या आवारातच, भिंतीच्या आडोशाला उभे करून ठेवावेत, आणि कोणता दगड कोठून काढला हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.